आमच्या बाईंचा सत्कार करायचाय, पण कसा?

रंगपट
मंडळी, सल्ला हवाय. आमची हौशी नाट्यसंस्था ज्यांनी उभी केली त्या बाई पुढच्या वर्षी ऐंशी पूर्ण करतायत. (सगळे त्यांना बाईच म्हणतात, निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत मराठी शिकवलंय.) संस्थेलाही चाळीस वर्षं होऊन गेली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालमी सुरू केल्या तिथपासून राज्य नाट्य स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत सगळं बाईंनी केलंय. दिग्दर्शन तर केलंच, पण कपडेपट शिवला, संहिता हाताने लिहून तिच्या प्रती काढल्या, सेन्सॉर सर्टिफिकेटसाठी पत्रव्यवहार केला, मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांना पटवलं, रात्री तालीम संपल्यावर एकेकीला घरी पोचवलं. मी त्यातलीच एक. माझ्या वडिलांनी "नाटकात काम? नाही" असं सांगितल्यावर बाई आमच्या ओट्यावर दीड तास बसून होत्या, उठल्याच नाहीत.

परवा कार्यकारिणीची मीटिंग झाली. दोन तास बोललो, ठरलं काहीच नाही. एक गट म्हणतो रीतसर समारंभ करा, मोठा पाहुणा बोलवा, मानपत्र, शाल, श्रीफळ. दुसरा गट (मी त्यात आहे) म्हणतो बाईंना असलं काही आवडत नाही, वेगळं काहीतरी करू. इतक्या वर्षांत प्रयोगानंतर पडदा पुन्हा उघडला की सगळे ओळीत उभे राहतात, तेव्हा बाई एकदाही स्टेजवर आल्या नाहीत. आम्ही हाका मारेपर्यंत त्या मागे ट्रंकेपाशी बसून प्रॉपर्टी (नाटकात वापरलेल्या वस्तू) मोजत असायच्या.

तर प्रश्न असा की, अशा माणसाचा गौरव कसा करावा म्हणजे तो मनापासून वाटेल आणि जिवंतपणी शोकसभा भरवल्यासारखंही होणार नाही? तुमच्या संस्थांनी काय केलं ते सांगा.

तिसरी_घंटा
वा! बाईंना नमस्कार सांग. तारीख ठरली की इथे टाक, मी येणार.

शेवटची_रांग
मी फक्त काय करू नका ते सांगतो. माझे दिग्दर्शक पंचाहत्तर वर्षांचे झाले तेव्हा आम्ही दणक्यात समारंभ केला. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मनोगतं सात, मानपत्राचं वाचन, पाहुण्यांचं भाषण. पाहुण्यांनी सरांचं एकही नाटक बघितलेलं नव्हतं त्यामुळे ते रंगभूमीची थोर परंपरा यावर पाऊण तास बोलले. सरांच्या हातात माईक आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि बाहेरगावची मंडळी शेवटच्या गाडीसाठी उठायला लागली होती. सर चार मिनिटं बोलले. पुढच्या वर्षी ते गेले. त्या चार मिनिटांच्या आधीची ती सात मनोगतं मला अजून सलतात, त्यातलं एक माझं होतं.

म्हणून सत्कारमूर्ती सगळ्यात आधी बोलणार, लोक ताजे असताना. बाकीच्यांनी नंतर बोलावं किंवा न बोललं तरी चालेल.

विंगेतला
बाईंना विचारलंत का?

नाटकवेडी
@रंगपट, समारंभ कशाला, महोत्सव करा. 'आविष्कार'चं उदाहरण आहेच. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे या मंडळींनी 1971 साली संस्था काढली, 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले आणि त्यातून मराठीत प्रायोगिक नाटकांसाठी छबिलदास चळवळ हा शब्दच रुजला. 1987 मध्ये अरविंद देशपांडे गेल्यावर आविष्कारने त्यांच्या स्मरणार्थ नाट्यमहोत्सव सुरू केला. नाटकवाल्याची आठवण नाटकं करूनच काढायची, मला ही पद्धत फार योग्य वाटते.

फक्त तुम्ही ते बाई असतानाच करा. तीन दिवस, तीन संस्था, बाई रोज पहिल्या रांगेत. आपण 'स्मृती' शब्द लावायला माणूस जायची वाट बघतो ते मला अजिबात पटत नाही.

खिळे_हातोडी
महोत्सव बोलायला सोपा असतो. थिएटरच्या तीन तारखा एका ओळीत मिळवून दाखवा आधी. पाहुण्या संस्थांचा प्रवास, राहणं, दोन नाटकांच्या मध्ये सेट उतरवणं-चढवणं, लाइटवाल्याचं तीन दिवसांचं भाडं. चाळीस माणसांची संस्था वर्षभर उठणार नाही परत.

आणि जरा कडू बोलतो, राग मानू नका. मी तीस वर्षं सेट लावतो. आपल्याकडे संस्थापक म्हटलं की सगळं त्यांच्या नावावर जमा होतं. टेम्पोच्या मागे फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) धरून पावसात बसलेली पोरं, घरची दोन लेकरं सांभाळून कपडे इस्त्री करणाऱ्या बायका, नोकरीवरून थेट येऊन रात्रभर ठोकाठोक करणारे लोक, यांचं नाव कुठल्याच मानपत्रात नसतं. संस्था एकट्या माणसाने उभी राहत नाही. गौरव करायचा तर संस्थेचा करा.

रंगपट
@खिळे_हातोडी राग अजिबात नाही, तुमचं निम्मं पटतं. उरलेलं निम्मं पटत नाही. टेम्पोत फ्लॅट धरायला पोरं आली कारण टेम्पो ठरवणारं कुणीतरी होतं. पहिली दहा वर्षं संस्थेच्या खात्यात नाट्यगृहाच्या डिपॉझिटएवढेही पैसे नसायचे. बाईंनी स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून पहिले चार स्पॉट लाइट घेतले, आम्हाला कळलं पंधरा वर्षांनी, तेही त्यांच्या बहिणीकडून. तिथे संस्था एकट्या माणसाने उभी राहत नाही हे वाक्य मला लागू करता येत नाही. ती काही वर्षं ती एकट्या माणसानेच उभी होती.

@विंगेतला, त्या नकोच म्हणणार, माहितीये.

प्रकाशयोजक
चार स्पॉट वाचून मन भरून आलं. माझ्या सुरुवातीच्या काळात डालडाच्या नाहीतर दुधाच्या पावडरच्या डब्याला भोक पाडून आत बल्ब बसवायचा की झाला स्पॉट. पुढे जिलेटिन कागद. आणि प्रकाश कमी-जास्त करायचा डिमर म्हणजे मीठ-पाण्याचा! मातीच्या नळकांड्यात मिठाचं पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या, वरची पट्टी दोरीने हळूहळू खाली सोडली की प्रकाश वाढत जायचा. करंट पाण्यातून, म्हणजे जिवाशी खेळ, आज कुणी करू नये. पण त्या डिमरवर जी पहाट उगवायची ती मला आजच्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर जमत नाही, कारण पाणी तापलं की प्रकाशाचा वेग आपोआप बदलायचा, तो हाताला कळायचा.

रंगपट, बाईंचे ते चार स्पॉट अजून आहेत का? असतील तर त्यातला एक तरी त्या दिवशी लावा. वायरिंग मात्र नवीन करून घ्या.

रंगपट
तीन आहेत! चौथ्याची लेन्स फुटलीय. सांगते मुलांना.

जुनी_वही
माझं थोडं लांबेल. मी जुन्या नाटकांची कागदपत्रं जमवते, तो छंद म्हणा किंवा वेड. समारंभ एका संध्याकाळचा असतो, मागे काय उरणार याचाही विचार करा. मोठ्या संस्थांचा इतिहास लिहिला जातो. 'रंगायन' 1960 ची, थिएटर अकॅडमी 1973 ची, यांच्यावर लोक लिहितात, बोलतात, प्रबंध होतात. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे, त्यात किती शेकडो हौशी संस्था उतरल्या असतील, आणि त्यातल्या बहुतेकींचं उरलंय काय, तर एखादा करंडक आणि कोपरे दुमडलेला ग्रुप फोटो. खाली नावं नाहीत. दहा वर्षांनी त्या फोटोतला उजवीकडून तिसरा कोण हे सांगणारं कुणी राहत नाही.

म्हणून आत्ता, बाई आहेत तोवर, रोज नाही तर आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. प्रश्नावली घेऊन जाऊ नका. वस्तू घेऊन जा. जुना फोटो, तिकिटाचा तुकडा, एखादा दागिना, मिशी. वस्तू हातात आली की माणूस बोलायला लागतो. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, थकतात. फोन टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड केला तरी पुरे, पंखा मात्र बंद करा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नको, पुढे उमटतं. संहितांना टाचण्या असतील तर काढा, गंजून कागद खातात. आणि कृपा करून सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको.

कॅसेटी असतील ना पार्श्वसंगीताच्या? त्या आधी हाताळा. एकदम वाजवायला लावू नका, आधी हलक्या हाताने पुढे-मागे फिरवून घ्या, फीत चिकटलेली असते. बुरशी दिसली तर घरच्या प्लेअरमध्ये घालूच नका, बाकीच्या कॅसेटीही जातील. वाजवतानाच कॉम्प्युटरवर घ्या आणि मूळ फाइल एमपी3 करू नका, वेव्ह ठेवा, दोन ठिकाणी.

मी_प्रॉम्प्टर
कॅसेटीवरून आठवलं, आमच्याकडे कोंबडं आरवायचं होतं आणि कॅसेट उलट्या बाजूने लागली, कोंबड्याऐवजी सनई. नायकाने इतक्या शांतपणे "आज कुणाकडे तरी लग्न दिसतंय, पहाटेचा मुहूर्त" म्हटलं की परीक्षकांना ते लेखनच वाटलं. लेखकाला बक्षीस मिळालं 😄

बाय द वे तुमच्या बाई प्रॉम्प्टर (विंगेतून संवाद सुचवणारा) ठेवायच्या का? माझा जीव त्यात अडकलेला आहे म्हणून विचारतोय.

रंगपट
😄😄 नाही ठेवायच्या. "पाठांतर नसेल तर प्रयोग पुढे ढकलू, पण कुजबुज नको" असं म्हणायच्या. एकदा खरंच पुढे ढकलला.

मी_प्रॉम्प्टर
माझ्या पोटावर पाय! तरी बाईंना नमस्कार.

तात्पुरता_नट
इतका वेळ नुसता वाचत होतो. लिहावं की नाही कळत नव्हतं. मी बाईंच्या संस्थेत होतो. रंगपट मला ओळखेल.

स्पर्धेला बारा दिवस उरलेले असताना बाईंनी मला मुख्य भूमिकेतून काढलं. सगळ्यांसमोर, दोन वाक्यांत. मी तालमीला उशिरा यायचो, तीनदा सांगून झालं होतं, आणि मला वाटत होतं की आता माझ्याशिवाय हे नाटक होणं शक्य नाही. झालं. माझ्या जागी जो आला तो माझ्याइतका बरा नव्हता (आजही माझं तेच मत आहे), संस्थेला काहीही मिळालं नाही आणि बाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मी त्यांच्याशी नऊ वर्षं बोललो नाही. रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या बाजूने जायचो.

मग माझे वडील गेले. तेराव्यानंतर बाई घरी आल्या, आईशी बोलल्या, निघताना मला म्हणाल्या, "सोमवारी वाचन आहे. सात वाजता. सातलाच." बास. मी पावणेसातला जाऊन पायरीवर बसलो होतो.

हे सांगतोय कारण गौरवाच्या कार्यक्रमात माणूस गुळगुळीत होऊन जातो. मायाळू, त्यागमूर्ती, चंदनासारख्या झिजल्या वगैरे. बाई तशा नाहीत. त्या कडक आहेत, कधीकधी अन्याय करतात, तेव्हा मला काढलं तो अन्याय होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जे काही कराल त्यात ह्या बाई दिसू द्या.

शेवटची_रांग
@तात्पुरता_नट "सातलाच". दोनदा वाचलं.

नाटकवेडी
हो, हे मानपत्रात यायला हवं, चंदन नको.

रंगपट
ओळखलं रे तुला. लिहिलंस ते बरं केलंस.

तुझ्या पोस्टवरून एक सुचलं. बाईंची प्रयोगवही आहे. प्रत्येक प्रयोगानंतर त्या एक पान लिहितात. तारीख, स्थळ, किती लोक आले, किती तिकिटं खपली आणि किती वाटली, पडदा किती वाजता उघडला, आणि मग शेरे. "दुसऱ्या अंकात डावा माईक बंद." "अमुकतमुक संवाद गाळला, सावरलं छान." "शेवटच्या रांगेतलं मूल रडलं, आई बाहेर घेऊन गेली, पुढच्या वेळी कडेच्या खुर्च्या आयांना द्याव्या." अशा सहा वह्या आहेत. मला वाटतं कार्यक्रमात त्याच वाचाव्या. ज्याच्याबद्दल पान आहे त्यानेच ते स्टेजवर येऊन वाचायचं. भाषणं नाहीत.

जुनी_वही
सहा वह्या!! रंगपट, बाकी सगळं सोडा, आधी त्यांचे फोटो काढा. आज.

काळा_कोट
छान कल्पना आहे, पण दोन गोष्टी धंद्याच्या सवयीने सांगतो. एक, वह्या बाईंच्या, त्यांना न विचारता वाचायच्या नाहीत, आणि ज्यांच्याबद्दल शेरे आहेत त्यांनाही आधी पान दाखवा. तीस वर्षांपूर्वीचा "दारू पिऊन आला" हा शेरा त्याच्या सुनेसमोर वाचला जाऊ नये.

दोन, कुणीतरी गौरवग्रंथ काढा म्हणणारच. त्यात बाईंच्या आठवणी, फोटो, लेख सगळं घ्या, पण नाटकांच्या संहिता पूर्ण छापायच्या असतील तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी लागते. लेखक हयात नसला तरी त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. प्रयोगासाठी घेतलेली परवानगी छपाईला चालत नाही, ही चूक बऱ्याच संस्था करतात.

आणि बाईंच्या नावाने पारितोषिक किंवा शिष्यवृत्ती ठेवणार असाल तर दर वर्षी वर्गणी काढू नका, तीन वर्षांत बंद पडतं. एकदाच कायम निधी करा, ठराव करून वेगळा दाखवा, फक्त व्याज खर्च करा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असेल तर हिशेबतपासनिसाला आधी विचारून घ्या.

खिळे_हातोडी
काळा_कोट यांचं पटलं. प्रयोगवहीचंही पटलं. त्यात सेट लावणाऱ्यांची नावं असतात का हो रंगपट?

रंगपट
असतात. प्रत्येक पानावर, वरच. आधी बॅकस्टेज, मग नट. मी आत्ता उघडून बघितलं तेव्हा माझ्याही पहिल्यांदाच लक्षात आलं.

खिळे_हातोडी
मग मी माझे आधीचे शब्द मागे घेतो.

ओसाड_मैदान
उशिरा आलो. नीनासम या कन्नड नाट्यसंस्थेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. के. व्ही. सुब्बण्णा यांनी 1949 साली कर्नाटकातल्या हेग्गोडू नावाच्या लहानशा खेड्यात तो संघ सुरू केला, 1980 मध्ये तिथेच नाट्यशिक्षणाची शाळा काढली, 1985 पासून त्यांची फिरती नाटकमंडळी गावोगाव जाते. त्यांना 1991 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला जास्त मोठी गोष्ट ही वाटते की 2005 साली ते गेले आणि त्यानंतरही तिथे नाटक चालूच राहिलं. संस्थापकाला याहून मोठा मान कुठला द्यायचा.

आणि जन नाट्य मंच या पथनाट्य करणाऱ्या संस्थेचे सफदर हाश्मी. 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, 2 तारखेला ते गेले, आणि 4 तारखेला त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि मंचाच्या लोकांनी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. मला हे आठवलं की पुढे काही बोलवत नाही.

रंगपट, तुमच्या संस्थेत पंचविशीच्या आतली किती मुलं आहेत? बाईंचा सत्कार त्यांनी करायला हवा, तुम्ही नाही.

रंगपट
अकरा. त्यातली चार दिग्दर्शन करू शकतील अशी आहेत, पण आम्हीच खुर्च्या अडवून बसलोय. हे टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं.

विंगेतला
परत विचारतो. बाईंना विचारलंत का?

तिसरी_घंटा
विंगेतला बरोबर बोलतायत. पंचवीस प्रतिसाद झाले, बाईंना सोडून सगळ्यांना विचारून झालं.

रंगपट
बरं बाबांनो. रविवारी जाते.

रंगपट
गेले होते. जमेल तसं सगळं लिहिते, कारण मी अजून त्यातून बाहेर आले नाहीये.

मी खूप वळसे घेऊन सुरुवात केली. म्हटलं, बाई, तुम्हाला सत्कार वगैरे आवडत नाही ते आम्हाला माहितीये, म्हणून आम्ही काही साधंसं... त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "मला आवडत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, तुम्ही कधी पडद्यानंतर स्टेजवर आला नाहीत, इतक्या हाका मारल्या तरी.

तर म्हणाल्या, "अगं, सत्र संपत आलेलं असायचं. वेळेत हॉल रिकामा नाही केला तर जादा भाडं लागायचं, ते कुठून आणणार होते मी? तुम्ही फुलं घेत उभे, सेट उतरायचा, आणि भाड्याच्या प्रॉपर्टीतली एक वस्तू कमी निघाली तर ती भरून द्यावी लागायची. कुणीतरी मोजायला हवं होतं ना. मी मोजत होते."

चाळीस वर्षं आम्ही ह्याला विरक्ती समजत होतो. एकानेही विचारलं नाही. मी कोषाध्यक्ष होते त्यातली आठ वर्षं.

मग त्यांनी कपाटातून एक कात्रण काढलं. संस्थेला पहिल्यांदा स्पर्धेत दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं तेव्हाचं. फोटोत करंडक हातात घेऊन आमचे तेव्हाचे अध्यक्ष उभे आहेत. बाई फोटोत नाहीत, बातमीत नाव आहे ते त्यांच्या मिस्टरांच्या नावाने, सौ. अमुक असं. बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटलं होतं. कुणाला सांगितलं नाही. तेव्हा बाईमाणसाने हे मागायचं नसतं असं वाटायचं. आता ऐंशीची झाले, आता सांगते. मला शाल हवी. चांगली. आणि फोटो हवा, माझ्या स्वतःच्या नावाने. आणि मला एकदा भरलेला हॉल स्टेजवरून बघायचाय, दिवे लागलेले असताना. विंगेतून अर्धाच दिसतो."

मी तिथेच रडले. बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पाहुणा नको हं पण. उशिरा येतात."

शेवटची_रांग
बाईंना साष्टांग नमस्कार.

नाटकवेडी
मी शाल-श्रीफळाला नाक मुरडणाऱ्यांतली. ज्यांना मिळून मिळून कंटाळा आलाय त्यांनी ते नको म्हणणं वेगळं. बाईंना एकदाही मिळालेलं नाही. आपण त्यांच्या वतीने परस्पर नको म्हणून टाकत होतो.

विंगेतला
मी सदतीस वर्षं विंगेत उभा आहे. तिथून खरंच अर्धाच दिसतो.

तात्पुरता_नट
शाल मी घेणार. कुणी वाद घालू नये.

काळा_कोट
त्या वर्षीच्या निकालपत्रात दिग्दर्शक म्हणून बाईंचं नाव कसं छापलंय ते बघा. आणि तुमच्या संस्थेच्या अहवालात, भिंतीवरच्या फलकावर कसं आहे तेही. फलक तरी तुमच्याच हातात आहे, आधी तो बदला.

रंगपट
फलकावरही सौ. च आहे. रंगारी बोलावलाय, बाईंनी नाव कसं लिहायचं ते कागदावर स्वतः लिहून दिलंय.

काल मीटिंग झाली, वीस मिनिटांत संपली. मुलांनी बाईंचं एक जुनं नाटक निवडलंय, दिग्दर्शन त्या अकरा जणांपैकी एक मुलगी करतेय, आम्ही जुने लोक बॅकस्टेजला. बाई तिसऱ्या रांगेत बसणार, पहिल्या रांगेतून पाय दिसत नाहीत म्हणे. पहिल्या अंकाआधी बाई बोलतील, वेळेचं बंधन नाही. प्रयोगवहीची बारा पानं निवडलीत, बाईंनी चार गाळली आणि स्वतः दोन घातली, त्यातलं एक @तात्पुरता_नट तुझं आहे, फोन कर. पुस्तकाचं पुढे बघू, वह्यांचे फोटो काढून झाले @जुनी_वही, तीनशे अठरा पानं.

आणि थिएटरची दोन सत्रं सलग घेतलीत. एक प्रयोगाचं, एक रिकामं. त्या दिवशी कुणीही कुणाला हॉल रिकामा करा म्हणणार नाही.

प्रकाशयोजक
पडदा परत उघडेल तेव्हा हाउस लाइट (प्रेक्षागृहातले दिवे) पूर्ण द्या, हळूहळू. बाईंना प्रेक्षक दिसले पाहिजेत. स्टेजचे पुढचे स्पॉट त्या वेळी निम्म्यावर आणा, नाहीतर डोळ्यांवर येतात आणि समोर नुसता अंधार दिसतो. हे मी येऊन स्वतः करतो, मला बोर्डापाशी एक स्टूल द्या.

खिळे_हातोडी
तुमच्या संस्थेचा मी नाही, पण परवानगी असेल तर मीही येतो. प्रॉपर्टीची मोजणी माझ्याकडे द्या. बाईंना सांगा, ट्रंकेकडे बघायचंसुद्धा नाही.

रंगपट
या, नक्की या. यादी तुम्हाला पाठवते. बाईंच्याच अक्षरात आहे, त्याप्रमाणे काल मोजून बघितलं तर सगळं बरोबर आहे, फक्त कंदील दोन लिहिलेत आणि ट्रंकेत एकच आहे.

तात्पुरता_नट
दुसरा माझ्याकडे आहे. तालमीहून निघून आलो त्या दिवशी हातातच होता. घेऊन येतो.